ग्रामसेविकेचं कुंकू

आंजी (मोठी), ९ जुलै १९५७

चि. गं. भा. रुख्मा हिस आनंदाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पोहोचल्याचं कार्ड मिळालं. अमरावतीला सुखरूप गेलीस, खाट खिडकीजवळची मिळाली, जेवणात रोज वरण असतं, हे सगळं तुझ्या भाऊजींनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. शेजारच्या मंदाबाई आल्या म्हणून त्यांच्यासाठी आणखी एकदा. मी चुलीपाशी होते. मला पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं.

निघताना तू पाया पडायला आत आलीस तेव्हा मी विहिरीवर गेले होते. पाणी भरायचं होतं. आता ते रोज मलाच भरायचं आहे, तेव्हा सवय झालेली बरी. तुला वाटलं असेल, बाई मुद्दाम गेली. वाटू दे.

तू लिहितेस की, बाई, तुझ्यामुळेच मी इथे आले. ते मात्र अगदी खरं. ग्रामसेविकांची भरती आहे, सातवी पास बायका हव्यात, सरकार वर्षभर शिकवणार आणि मग नोकरी देणार, ही बातमी घरात मी आणली. दोन्ही अर्ज माझ्या हातचे. माझ्या अर्जाला नवऱ्याची लेखी संमती लागत होती. तुझ्या भाऊजींनी ती हसत हसत दिली, हिला कोण घेतं म्हणून. सातवी मी पहिल्या झटक्यात पास झाले. तू नापास झालीस, मग मी तुझ्याकडून गणितं घोकून घेतली तेव्हा पास झालीस. हे त्या वर्ध्याच्या कचेरीत कोणी विचारलं नाही.

मला विचारलं ते एवढंच, की तुम्ही वर्षभर बाहेर राहिलात तर मुलं कोण पाहील? मी सरळ सांगितलं, माझी धाकटी बहीण विधवा आहे, माझ्याच घरी असते, ती पाहील. मग तुला आत बोलावलं. मी पडद्याबाहेर बाकावर बसले होते. निवड करणाऱ्या मॅडमनी विचारलं, तुमच्या मागे कोण? आणि तू म्हणालीस, कोणी नाही.

कोणी नाही. माझी दोन्ही पोरं तुझ्या कुशीत झोपत होती, रुख्मा. धाकटा अजून झोपेत मावशी मावशी करतो. नवरा गेला तेव्हा तुझ्या सासरचं कोणी दारात उभं करीत नव्हतं आणि नाचणगावला बाबांच्या घरी वहिनीचं तोंड सुटलं होतं, तेव्हा तुला इथे कोणी आणलं? तुझ्या त्या दोन शब्दांवर तुझी निवड झाली. मला मॅडम बाहेर येऊन गोड बोलल्या. म्हणाल्या, बाई, तुम्हाला घर आहे, संसार आहे, ही जागा ज्यांना काही नाही त्यांच्यासाठी आहे. मी नमस्कार केला आणि येताना मोटारीत तुझ्याशी बोलले नाही. तेव्हापासून बोलणं तसं झालंच नाही.

अभ्यास नीट कर. आमच्या नावाला बट्टा लावू नकोस.

तुझी बहीण
आनंदा


आंजी, २२ सप्टेंबर १९५७

चि. गं. भा. रुख्मा हिस आशीर्वाद.

तू लिहितेस की पाकिटावर गं. भा. घालत जाऊ नको, इथे सगळ्या मला नुसतं ताई म्हणतात. मास्तरांनी आपल्याला शिकवलं ते मी लिहिते. सवाष्णीला सौ., नवरा गेलेलीला गंगाभागीरथी. जे आहे ते आहे. तुझ्या मैत्रिणींना वाचून वाईट वाटत असेल तर त्यांनी दुसऱ्यांची पाकिटं वाचू नयेत.

तुम्हाला सायकल शिकवतात म्हणे. तुझे भाऊजी ही बातमी बाजारात सांगत फिरले. आमच्या रुख्मानं सायकल चालवली, पडली नाही, मागून कोणी धरलं नव्हतं. लोक विचारतात, लुगडं कसं सावरते? हे सांगतात, कासोटा घालून. जणू स्वतः पाहून आले आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल बाजारात एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

माझा गुडघा फुटला आहे आणि कोपर सोलवटलं आहे, म्हणून अक्षर वाईट आलं. विहिरीच्या शेवाळावरून पाय घसरला. यांच्या सायकलचं हँडलही कसं कोण जाणे वाकडं झालं, तर हे पोरांवर ओरडत होते. मी पोरांना आत घेतलं.

तिथे तुम्हाला धुराशिवायची चूल बांधायला शिकवतात, शोषखड्डा खणायला शिकवतात, पोरांना देवी टोचून घ्यायला बायकांना कसं समजवायचं ते शिकवतात, हे वाचलं. बायकांना समजवायचं शिक्षण लागतं हे नवीन कळलं. तू इथे होतीस तेव्हा चार बायकांत तोंड उघडत नव्हतीस, तुझ्या वतीने मीच बोलायची. आता वर्गात उभी राहून भाषण करतेस. कोणाच्या आवाजात करतेस, माझ्याच ना?

पोरं बरी आहेत.

आनंदा


आंजी, १७ जानेवारी १९५८

रुख्मा हिस आशीर्वाद.

संक्रांतीचं हळदीकुंकू काल झालं. ओट्यावर जागा पुरली नाही. पूर्वी तू आत बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायचीस आणि मी बाहेर कुंकू लावायची. या वेळी पुड्याही मीच बांधल्या. कोणी माझं वाण पाहिलं नाही. सगळ्यांचं एकच, रुख्मा काय करते, रुख्मा कधी येते, तिला साहेबासारखी खुर्ची मिळणार का. मी अशी काही तुझी तारीफ केली की ऐकणारी म्हणाली असती, बहीण असावी तर अशी. सांगितलं की तिच्या ट्रेनिंगमध्ये ती पहिली आहे. तू पहिली आहेस की नाही मला माहीत नाही. माझ्या तोंडून तेच निघालं.

एक गोष्ट लिहिते. लिहू नये, पण दुसऱ्या कोणाला सांगण्याची सोय नाही. करंडा हातात घेऊन मी एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत होते आणि मनात आलं, हेच आडवं आलं. माझ्या कपाळावर हे नसतं तर त्या खिडकीजवळच्या खाटेवर मी असते. मग माझंच लक्ष उडालं. मंदाबाईंच्या नाकावर कुंकू सांडलं, त्या म्हणाल्या शुभ असतं.

आपल्या नवऱ्याचं वाईट चिंतणारी बाई मी नाही. हे चांगले आहेत, मारत नाहीत, पीत नाहीत. पण सवाष्णीने विधवेचा हेवा करावा, असं तू कुठे ऐकलं आहेस का? मला तुझा हेवा वाटतो, रुख्मा. तुझ्या सायकलचा, वहीचा, तुला कोणी स्वयंपाकाची वेळ विचारत नाही त्याचा. गावात कळलं तर बाया माझ्या तोंडावर थुंकतील, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही थुंकले असते.

तुझा जीव किती वेळा जळला असेल माझं भरलेलं कपाळ पाहून, तेही काल पहिल्यांदा डोक्यात आलं. पण तू कधी बोलली नाहीस. मी बोलते, एवढाच फरक.

हे पत्र फाडून टाक.

आनंदा


आंजी, १४ सप्टेंबर १९५८

रुख्मा,

तुझी नेमणूक कारंज्याला झाली, राहायला भागीरथाबाई म्हणून चांगली म्हातारी मिळाली, सहा महिन्यांनी तुमच्या वरच्या मॅडमचा रिपोर्ट गेला की तू कायम होणार, हे आधीच्या पत्रात आलंच होतं. पहिल्या पगारातून पाठवलेलं लुगडंही मिळालं. हिरवं, बारीक काठाचं. मी ते अजून नेसले नाही. मंदाबाईंनी पेटीत पाहिलं तर मी सांगितलं, यांनी वर्ध्याहून आणलं.

पण आता हे नवीन पत्र. ते मी तुझ्या भाऊजींना वाचू दिलं नाही. गोठ्यात जाऊन वाचलं.

तू लिहितेस, श्रावणातल्या शुक्रवारी भागीरथाबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. तू ओळीत बसली होतीस, म्हातारी एकेकीला कुंकू लावत आली आणि तुझ्या कपाळाला बोट टेकलं. सायकलवरून फिरणारी, एकटी राहणारी, त्यांना वाटलं बिनलग्नाची मुलगी आहे. तू बोलायला तोंड उघडलंस आणि मिटलंस. दुसऱ्या दिवसापासून ज्या बाया तुझ्या महिला मंडळात येत नव्हत्या त्या यायला लागल्या. पोरं टोचायला आणली. पेरणीला निघालेला माणूस तुला पाहून मागे फिरायचा, तो आता रामराम करतो. मग तू रोज स्वतःच्या हाताने लावू लागलीस. आणि मला विचारतेस, बाई, मी काय करू?

मॅडमना सांगितलंस तर त्या म्हणाल्या, सरकारी कागदावर तुम्ही विधवा आहात, कपाळावर काय आहे ते सरकार पाहत नाही. सरकारला सोपं आहे. सरकारला कारंज्याच्या बायांच्या ओट्यावर बसायचं नाही.

तुला काय करू म्हणून विचारायला मीच सापडले? मला काय वाटलं ते सांगते. माझ्याकडे तुझ्यापेक्षा एकच गोष्ट जास्त होती. सायकल तुझी, पगार तुझा, लोकांची वाहवा तुझी, माझ्या पोरांचं प्रेमसुद्धा तुझं. तेवढं बोटभर कुंकू माझं होतं. त्याच्यासाठी मी घरी बसले. आणि आता तू ते फुकटात लावून फिरतेस. नवऱ्याचे कपडे धुवायचे नाहीत, सासूची बोलणी खायची नाहीत, आणि मान मात्र सवाष्णीचा. दोन्ही हातांनी घ्यायला कोणी शिकवलं तुला?

आपल्या जातीत पाट लागतो. रीतीने दुसरा नवरा करून कुंकू लावलं असतंस तर मी स्वतः चोळी-बांगडी घेऊन आले असते. हे असलं चोरीचं नाही.

पाकिटावर मी या वेळी गं. भा. लिहिलेलं नाही. पोस्टमन ते भागीरथाबाईंच्या हातात देतो असं तू लिहिलं होतंस. लक्षात ठेव, मी नेहमीसारखं लिहू शकले असते.

आनंदा


आंजी, २७ ऑक्टोबर १९५८

रुख्मा,

मंदाबाईंची मुलगी गेल्या उन्हाळ्यात कारंज्यालाच दिली आहे, तुला माहीत आहे. ती तुझ्या मंडळात येत नाही, तिच्या सासूला चालत नाही, म्हणून तू आतापर्यंत वाचलीस. मंदाबाई तिला दिवाळीसाठी आणायला येत्या आठवड्यात येत आहेत आणि ग्रामसेविकेचं काम बघायचंच असा त्यांचा हट्ट आहे. सोबत म्हणून मला चल म्हणाल्या. मी हो म्हटलं. यांनीही हो म्हटलं.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण त्यांना डोळे आहेत.

आम्ही येण्याआधी ते पुसून टाक आणि भागीरथाबाईंना खरं काय ते सांग. बाया येईनाशा होतील, रिपोर्ट वाईट जाईल, नोकरी जाईल असं तू म्हणशील. जाऊ दे. नोकरी नव्हती तेव्हा तू उपाशी मरत नव्हतीस. तुझी खोली अजून तशीच आहे, आम्ही तिथे फक्त कापूस ठेवला आहे, तो काढता येईल. पोरं खूश होतील. मलाही हाताखाली कोणी हवं आहे, कंबर धरते.

तू परत यावंस असं मला मनापासून वाटतं, हे खोटं नाही.

आनंदा


आंजी, ९ नोव्हेंबर १९५८

रुख्मा,

स्टँडवर तू माझा हात सोडत नव्हतीस आणि मोटारवाला ओरडत होता, तेव्हा काही बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

तू पुसलं नव्हतंस. आम्ही आलो तेव्हा मारुतीच्या देवळापुढे तू कोपरापर्यंत चिखलात होतीस, बाया भोवती बसल्या होत्या, मधे ती बिनधुराची चूल अर्धी बांधून झालेली, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. माझं पत्र मिळूनसुद्धा. मला इतका राग आला, वाटलं बरं झालं, आता होऊ दे जे व्हायचं ते. तू उठून मला वाकून नमस्कार केलास आणि बायांना म्हणालीस, ही माझी मोठी बहीण, मला हिनेच शिकवलं. चिंधूची आई का कोण होती, तिने मला बसायला गोणपाट दिलं. त्यावर मी बसले नाही.

मंदाबाई पुढे गेल्या. मुलगी पदर ओढत होती तरी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "काऊन वो रुख्मे, तुह्या कपाळाले हे कवापासून? तुहा नवरा तं मेला ना?"

सगळ्यांचे हात चिखलात थांबले. भागीरथाबाईंनी तुझ्याकडे पाहिलं. तू मंदाबाईंकडे पाहिलंच नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मी याचसाठी आले होते, रुख्मा. आर्वीला मोटार बदलताना, कारंज्याच्या धाब्यांजवळ ट्रकांच्या गर्दीतून चालताना, पूर्ण रस्ता मी मनात हेच पाहत आले होते. मला तोंडसुद्धा उघडायचं काम नव्हतं. पाण्याला जाते म्हणून बाजूला झाले असते तरी झालं असतं.

मग तू चिखलाचा हात वर उचललास. कपाळाकडे नेलास. आमच्या घरी कोणी खरकटं उचल म्हटलं की उचलायचीस तसा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब. ते पुसू नको. तिले कुकू म्या लावलं. मी तिची मोठी बहीण आहो, सवाशीन आहो. कोनाले काही म्हनायचं असन तं मले म्हना."

कुठून आलं मला माहीत नाही. मी तुला कधी कुंकू लावलेलं नाही. घरात मी करंडा घेऊन तुझ्यासमोरून जायची तेव्हा तू आपण होऊन मागे सरकायचीस, आणि मी तुला सरकू द्यायची.

मंदाबाईंचा चेहरा तू पाहिलास. अर्ध्या बाया उठून गेल्या, त्यात पोरं टोचून घेतलेल्याही होत्या. मग भागीरथाबाई तुला म्हणाल्या, "मले पहिलेच सांगतलं असतं तं काय मी तुले घराबाहेर काढलं असतं?" तू म्हणालीस, "काढलं असतं, मावशी." म्हातारीने विचार केला आणि म्हणाली, "हो, काढलं असतं." मग तिने पुन्हा चिखलात हात घातला आणि विचारलं, धुराचं भोक किती मोठं ठेवायचं. तू सांगितलंस.

पुढच्या आठवड्यात किती बाया येतील, सहा महिन्यांचा रिपोर्ट कसा जाईल, ते मला सांगता येत नाही. इकडची गोष्ट सांगते. मंदाबाई परत येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत आणि गावात पोहोचल्यावर सगळ्यांशी बोलल्या. विधवेला कुंकू लावणारी सवाष्ण म्हणून कोणीतरी माझं तोंड पाहायचं टाळलं. काल वरच्या आळीत डोहाळजेवण होतं. आंजीत एवढी वर्षं एकही डोहाळजेवण माझ्याशिवाय झालं नाही. या वेळी बोलावणं आलं नाही. यांना कळलं तर म्हणाले, तू काऊन मधात पडली? मी सांगितलं, पडले.

स्टँडवर तू म्हणालीस, बाई, तू नसती आली तं मी काय केलं असतं. माझे उपकार मानू नकोस. मी ते तुझ्यासाठी केलं नाही. तुझा हात कपाळाकडे गेला आणि मला एकदम दिसलं, हिने हे पुसलं की ही ट्रंक घेऊन आंजीला येणार, कापूस काढलेल्या खोलीत राहणार, माझ्या चुलीपुढे बसणार, आणि मी तिच्या वतीने चार बायकांत बोलणार. मला वर्षभर हेच हवं होतं. देवाजवळ मागितलंसुद्धा होतं. समोर आलं तेव्हा मला ते बघवलं नाही.

हेवा गेला असं समजू नकोस. आज सकाळी चूल फुंकताना धूर डोळ्यात गेला तेव्हाही वाटला, तू लिहिलेल्या त्या चुलीचा आणि तुझा. तो काही जाणार नाही, मी आता त्याची वाटही पाहत नाही. पण तू परत आलीस तर मी कोणाचा हेवा करायचा? आपल्या दोघींत एक जण तरी बाहेर आहे. बाया कमी झाल्या तरी राहा. म्हातारीने घर सोडायला सांगितलं तर दुसरं घर बघ. कुंकू लाव नाहीतर नको लावूस, ते तुझं तू बघ. इकडे मात्र येऊ नकोस.

आनंदा